दवाखाना विकण्याआधी : उत्तर अमेरिकेतील मराठी डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेत स्वतःच्या मालकीच्या इमारतीत व्यवसाय करणारी मराठी डॉक्टर मंडळी

विषय : विसाव्या शतकाच्या मध्यात बांधलेल्या दवाखान्यांच्या इमारतींची विक्री आणि जतन

सप्रेम नमस्कार.

१९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतरच्या दोन-तीन दशकांत मुंबई, पुणे, नागपूरच्या मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडून ज्यांनी अमेरिका गाठली, रेसिडेन्सी पुरी केली आणि मग एखाद्या लहान गावात बस्तान बसवले, त्यांच्यापैकी कित्येकांनी तिथल्या निवृत्त होणाऱ्या डॉक्टरकडून प्रॅक्टिस घेतली आणि प्रॅक्टिसबरोबर तिची इमारतही घेतली. ही इमारत बहुधा १९५० ते १९७० च्या दरम्यानची, एकमजली, विटांची, रुंद पागोळ्यांची आणि पुढे मोटारी लावायला ऐसपैस जागा असलेली असते. आता तीच विकण्याची वेळ आपल्यावर आली आहे. मुले डॉक्टर झाली असली तरी ती हॉस्पिटलच्या पगारावर आहेत. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पाहणीनुसार डॉक्टरांच्याच मालकीच्या खासगी प्रॅक्टिसमध्ये काम करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाण २०१२ मध्ये ६०.१ टक्के होते, ते २०२२ मध्ये ४६.७ टक्क्यांवर आले. दवाखान्याला दवाखाना म्हणून गिऱ्हाईक मिळणे त्यामुळे अवघड झाले आहे. त्याखालच्या जमिनीला मात्र ते चटकन मिळते.

मी वास्तुविशारद आहे आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करते. आपल्याकडे माझे मागणे एवढेच आहे, की विक्रीच्या कागदावर सही करण्याआधी आपली इमारत कोणी, कधी आणि कोणासाठी बांधली हे शोधून काढावे, आणि ती राखण्याजोगी निघाली तर तिच्या रक्षणाची अट मालकी आपल्या हातात असतानाच घालून ठेवावी. सही झाल्यावर ही गोष्ट कोणाच्याच हातात उरत नाही. हे मी इतक्या ठामपणे का म्हणते, ते मॉन्टाना राज्यातल्या व्हाइटफिश गावच्या एका दवाखान्याच्या हकिगतीवरून कळेल.

ग्लेशियर नॅशनल पार्कच्या वाटेवरचे व्हाइटफिश हे मूळचे रेल्वेचे गाव. तिथल्या सेंट्रल अव्हेन्यूवर डॉ. लॉकरिज यांना आपल्या सहकारी डॉक्टरांसह दवाखाना बांधायचा होता आणि त्यासाठी त्यांनी थेट फ्रँक लॉइड राइट या अमेरिकेतल्या नामवंत वास्तुविशारदाकडे आराखडा मागितला. १९५८ साली राइट नव्वदी ओलांडलेले होते आणि न्यूयॉर्कमधल्या गुगनहाइम संग्रहालयाचे त्यांचे काम शेवटच्या टप्प्यात होते. अशा माणसाने रेल्वेच्या गावातल्या काही डॉक्टरांसाठी सुमारे पाच हजार चौरस फुटांची बैठी इमारत कागदावर उतरवली : लांबच लांब विटांची, जमिनीला धरून राहिलेली, आडव्या रेषांवर तोललेली आणि रुग्णांच्या बसण्याच्या जागेत शेकोटी असलेली. ९ एप्रिल १९५९ रोजी राइट वारले; इमारत त्यांच्या माघारी पुरी झाली. पुढे थोड्याच काळात डॉ. लॉकरिजही गेले आणि ज्या कामासाठी ती बांधली होती ते काम तिथे फार दिवस चालले नाही. १९६४ मध्ये तिथे बँक आली, बँकेने आपल्या सोयीने फेरफार केले, बँक गेल्यावर वकिलांची आणि इतरांची कार्यालये आली. या सगळ्यातून इमारत टिकली, आणि २०१२ मध्ये तिची नोंद ‘नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस’मध्ये, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत, झाली.

इथवर वाचून कोणालाही वाटेल की आता ती सुरक्षित झाली. तसे झाले नाही. दरम्यान व्हाइटफिश हे स्कीइंगला येणाऱ्या पर्यटकांचे गाव झाले होते आणि भर बाजारपेठेत एकमजली इमारतीखाली अडकलेली जमीन कोणाच्याही डोळ्यांत भरावी अशी होती. ती एका विकासकाने घेतली. त्याला तिथे अधिक मजल्यांची नवी इमारत हवी होती. राइट यांच्या वास्तूंच्या रक्षणासाठी १९८९ पासून काम करणाऱ्या ‘फ्रँक लॉइड राइट बिल्डिंग कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेने दुसरा खरेदीदार शोधण्याची धडपड केली, वाटाघाटी झाल्या, पण व्यवहार जुळला नाही. १० जानेवारी २०१८ च्या संध्याकाळी यंत्रे लागली. वापरात येऊ शकणारी, धडधाकट अशी राइट यांची इमारत पाडली जाण्याची चाळीसहून अधिक वर्षांतली ती पहिली वेळ, असे त्या संस्थेनेच तेव्हा जाहीर केले.

यात विकासकाला खलनायक ठरवणे सोपे आहे, आणि तेव्हाच्या पुष्कळ लिखाणाने तेच केले. मला ते पटत नाही. त्याने आपल्या मालकीच्या जमिनीवर कायद्याने जे करता येत होते ते केले. पन्नासएक वर्षांत ही इमारत ज्यांच्या ज्यांच्या ताब्यात होती, त्यांतल्या एकानेही तिच्या दस्तऐवजात एक कलम घालून ठेवले असते, तर त्या संध्याकाळी यंत्रे आणण्याचा प्रश्नच आला नसता.

राइट यांचे प्रत्यक्षात उतरलेले दवाखाने चारच, आणि चारही त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या पाच वर्षांतले. उरलेले तीन उभे आहेत. ओहायोतल्या डेटनचा मायर्स क्लिनिक मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, म्हणून त्याच्याविषयी लिहीत नाही. मिनेसोटातल्या हेस्टिंग्जचा फासबेंडर क्लिनिक त्याच्या तांब्याच्या छपराने ओळखू येतो : छप्पर भिंतींवर टेकून थांबत नाही, तर घडी घातल्यासारखे खाली उतरत जवळजवळ जमिनीपर्यंत येते, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला भिंतीपेक्षा छप्परच अधिक दिसते. त्याची राष्ट्रीय नोंद १९७९ मध्येच झाली.

तिसरा कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पोचा कुंडर्ट क्लिनिक. डॉ. कुंडर्ट नेत्रतज्ज्ञ होते. पॅसिफिक स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, मागून वाहणाऱ्या ओढ्याच्या काठी, १९५६ मध्ये त्यांचा दवाखाना पुरा झाला. याचा आराखडा राइट यांच्या ‘युसोनियन’ घरांच्या जातकुळीतला आहे; मध्यम ऐपतीच्या कुटुंबांसाठी त्यांनी आखलेली ही बैठी घरे दिखाऊपणा टाळून उजेड, लाकूड आणि विटा एवढ्यावर उभी असत. तेच सूत्र त्यांनी दवाखान्याला लावले. बाहेरून ठेंगणी वाटणारी ही इमारत रुग्णांच्या दालनात एकदम उंच होते आणि भिंतीच्या वरच्या अंगाला, छताखाली, खिडक्यांची रांग लागते. या काचांवर नक्षी कापलेल्या लाकडी फळ्या आहेत, त्यामुळे कॅलिफोर्नियाचे रणरणते ऊन आत येताना चाळले जाते. डोळ्यांत औषधाचे थेंब घालून बाहुल्या विस्फारलेला माणूस प्रखर उजेड सोसू शकत नाही, हे नेत्रतज्ज्ञांना सांगायला नको. डोळ्यांच्या दवाखान्यात खिडकी माणसाच्या नजरेच्या वर आणि जाळीआड असणे किती सोयीचे, हे तिथे पाच मिनिटे बसल्यावर कळते.

राइट हे नाव बाजूला ठेवले तरी या काळातल्या दवाखान्यांच्या इमारती अभ्यासण्याजोग्या का आहेत, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर वैद्यकाच्या इतिहासात आहे. १९३० मध्ये अमेरिकेत डॉक्टर आणि रुग्ण यांच्या भेटींपैकी सुमारे ४० टक्के भेटी रुग्णाच्या घरी होत असत. १९५० मध्ये ते प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर आले आणि १९८० पर्यंत एक टक्क्याच्याही खाली गेले. एक्स-रे यंत्र, ईसीजी आणि रक्त-लघवीच्या तपासण्या बॅगेत मावत नव्हत्या, आणि रुग्णांकडे आता मोटारी होत्या. शहराबाहेर नव्या वसाहती पसरत होत्या. डॉक्टर रुग्णाकडे जाण्याऐवजी रुग्ण डॉक्टरकडे येऊ लागला, आणि त्याच्यासाठी पूर्वी नसलेला एक इमारतीचा प्रकार निर्माण करावा लागला. आपल्याकडे फॅमिली डॉक्टरचा दवाखाना रस्त्यावरच्या गाळ्यात किंवा राहत्या घराच्या पुढच्या खोलीत भागत असे, पडद्याआड तपासणीचे टेबल आणि खिडकीत कंपाउंडर. अमेरिकेतही दुसऱ्या महायुद्धापर्यंत चित्र फार वेगळे नव्हते. डॉक्टर घरी, दुकानांच्या वरच्या मजल्यावर किंवा गावाच्या मध्यभागी उंच ‘मेडिकल आर्ट्स’ इमारतीत बसत.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने हॉस्पिटलांच्या बांधकामाला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला, त्याबरोबर नियम, मोजमापे आणि समित्याही आल्या. छोट्या दवाखान्याचे तसे नव्हते. तो एक-दोन डॉक्टर आपल्या पैशाने किंवा कर्ज काढून बांधत. पैसे देणारा, वापरणारा आणि निर्णय घेणारा एकच माणूस असल्यामुळे त्याला चांगला वास्तुविशारद निवडता येत असे, आणि वास्तुविशारदालाही मोठ्या हॉस्पिटलात जे कधी करू देत नसत ते इथे करून पाहता येत असे. म्हणूनच राइट यांच्यासारख्याने नव्वदीच्या आसपास ही कामे घेतली, आणि म्हणूनच रिचर्ड नॉयट्रा या दुसऱ्या नामवंत वास्तुविशारदानेही.

नॉयट्रा मूळचे व्हिएन्नाचे. १९२३ मध्ये अमेरिकेत आले, काही काळ राइट यांच्याकडे राहून काम केले आणि पुढे लॉस एंजेलिसला स्थायिक झाले. त्यांना नाव मिळवून देणारे काम हे एका निसर्गोपचारकाचे घर होते : १९२९ मध्ये पुरे झालेले, पोलादी सांगाड्याचे ‘लव्हेल हेल्थ हाउस’. सभोवतालचा प्रकाश, हवा, पाणी आणि झाडे यांचा माणसाच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो, आणि म्हणून इमारत ही प्रकृतीशी निगडित गोष्ट आहे, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले. न्यूपोर्ट बीचमधला ‘मरिनर्स मेडिकल आर्ट्स’ हा १९६३ चा दवाखान्यांचा समूह याच विचारातून आला. एका मोठ्या ठोकळ्यात डॉक्टर कोंबण्याऐवजी त्यांनी बैठे भाग चौक आणि बागांभोवती मांडले. रुग्ण गाडीतून उतरतो तो थेट काउंटरसमोर जात नाही. उघड्यावरून, झाडांच्या कडेने चालत त्याला आपल्या डॉक्टरच्या दारापर्यंत पोचावे लागते. नॉयट्रा यांचे शरीरशास्त्र कितपत बरोबर होते ते आपण ठरवावे, पण तपासणीच्या आधीची दहा मिनिटे रुग्णाने कशी घालवावी याचा इतका विचार हल्लीच्या किती क्लिनिकांत दिसतो?

आता आपल्या इमारतीकडे येऊ, कारण ती राइट किंवा नॉयट्रा यांची नसणार हे उघड आहे. ती कोणा स्थानिक वास्तुविशारदाची असेल, ज्याचे नाव गावाबाहेर कोणाला माहीत नाही. तरीही अशा इमारतींत शिरल्यावर मला पुष्कळदा थक्क व्हायला होते. प्रवेशाशी विटांत बांधलेले, दिव्याखालचे झाडांचे वाफे. रुग्णांच्या दालनात टेराझोची फरशी आणि तिच्यातल्या पितळी पट्ट्या, ज्या नीट पाहिल्या तर भिंतींच्या आखणीशी तंतोतंत जुळतात. काउंटरला सरकती, खडबडीत काच, म्हणजे आतले बोलणे बाहेर जाऊ नये. काळ्या, खाचा पाडलेल्या फलकावर दाबून बसवलेली पांढरी अक्षरे, आणि त्यांत एका जुन्या गोऱ्या डॉक्टरच्या नावाखाली आपले देशपांडे किंवा कुलकर्णी.

खरे कौशल्य नकाशात असते. रुग्ण पुढून येतो, डॉक्टर मागच्या दाराने. तपासणीच्या खोल्या दोघांच्या मध्ये, आणि डॉक्टर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना दालनातल्या रुग्णांना दिसत नाही. वाईट बातमी ऐकलेल्या रुग्णाला बाकीच्यांसमोरून न जाता बाजूच्या दाराने बाहेर पडता यावे, अशी सोय कित्येक जुन्या नकाशांत मी पाहिली आहे. एक्स-रेच्या खोलीचे दार ढकलून पाहावे : आत शिशाचा पत्रा असल्यामुळे ते सुटताना जड जाते आणि मग स्वतःच्याच वजनाने चालू लागते. शेजारच्या डार्करूमचे आता स्टोअर झालेले असते, पण तिथला उथळ सिंक आणि लाल दिव्याची बैठक बऱ्याचदा तशीच असते. ज्या तंत्राने दवाखान्याला घराबाहेर काढले, त्याची खूण अशा खोल्यांत शिल्लक आहे.

या सगळ्या इमारती वाचवाव्यात असे माझे म्हणणे नाही. बहुतेक नाहीतच त्या योग्यतेच्या. काही वाईट बांधलेल्या आहेत, काहींच्या टाइल्सच्या चिकटद्रव्यात आणि पाइपांच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस आहे, काहींची दारे १९९० च्या अपंग-हक्क कायद्याला पुरत नाहीत आणि सपाट छपरांनी कित्येक मालकांना रडवले आहे. पण कोणती योग्यतेची आणि कोणती नाही, हे पाहणाऱ्या माणसाने पाहून ठरवावे, नुसत्या जमिनीच्या भावाने ठरू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात मांडते, कारण याच ठिकाणी सुशिक्षित माणसांचाही गैरसमज असतो. राष्ट्रीय रजिस्टरमधली नोंद हा सन्मान आहे, संरक्षण नव्हे. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना लागणारे काम असेल तर त्या खात्याला परिणामांचा विचार करावा लागतो. खासगी मालकाने खासगी पैशाने पाडायचे म्हटले तर नोंद त्याला अडवत नाही. अडवू शकते ते गावाचे किंवा शहराचे स्वतःचे वारसा नियमन, आणि ते अनेक गावांत नसते किंवा नावापुरते असते. तिसरा मार्ग म्हणजे जतन-हक्क, ज्याला इथे ‘प्रिझर्व्हेशन ईझमेंट’ म्हणतात. यात मालक एखाद्या पात्र संस्थेला इमारतीच्या ठरावीक भागांत बदल किंवा पाडकाम रोखण्याचा कायमचा हक्क लिहून देतो. मालकी मालकाकडेच राहते, इमारत विकता येते, भाड्याने देता येते, दवाखान्याचे कार्यालय किंवा दुकान करता येते. फक्त तो हक्क जमिनीबरोबर पुढच्या प्रत्येक मालकाला बांधून ठेवतो. राइट यांच्या अनेक वास्तूंवर असे हक्क वर उल्लेखलेल्या संस्थेकडे आहेत. लॉकरिज क्लिनिकवर असा हक्क असता, तर पाडकामाचा प्रश्न उद्भवण्याच्या आधीच सुटला असता.

आपला पहिला आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो रास्त आहे. इमारत ही आपली निवृत्तीची पुंजी आहे. अशी अट घातली तर भाव पडेल. पडतो, विशेषतः जिथे वर मजले चढवण्याची मुभा आहे तिथे. पण हिशेबाला दुसरी बाजूही आहे. राष्ट्रीय रजिस्टरवर असलेल्या इमारतीवर असा हक्क दान केल्यास, किमतीत झालेली घट अटींच्या अधीन राहून उत्पन्नकरातून वजा मागता येते. शिवाय उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतीच्या मान्यताप्राप्त दुरुस्तीवर केंद्राची २० टक्क्यांची करसवलत आहे, जी आता पाच वर्षांत विभागून मिळते. राहत्या घराला ती लागू नाही, दवाखान्याला आहे. मात्र दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या हिशेबी किमतीहून अधिक व्हावा लागतो, आणि जुन्या मालकाच्या बाबतीत घसाऱ्याने ती किंमत बरीच उतरलेली असल्यामुळे ही अट वाटते तेवढी अवघड नसते. एक सावधगिरी हवी : जमिनींच्या जतन-हक्कांच्या नावाखाली गटागटाने केलेल्या करबुडवेगिरीवर आयआरएसची, म्हणजे केंद्राच्या करखात्याची, करडी नजर आहे. त्यामुळे अनुभवी कर-सल्लागार आणि स्वतंत्र मूल्यमापन यांत कसूर करू नये, आणि दामदुपटीची आमिषे दाखवणाऱ्यांना दारातूनच परत पाठवावे.

नोंदणीसाठी इमारत साधारणपणे पन्नास वर्षांची असावी लागते. म्हणजे १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या इमारती आज या मर्यादेत बसतात, आणि आपल्या बहुतेकांच्या इमारती त्याच काळातल्या आहेत. तेव्हा प्रथम गावाच्या बांधकाम खात्यात मूळ परवाना आणि नकाशे मागावेत; त्यांवर बहुधा वास्तुविशारदाचा शिक्का असतो. तळघरात किंवा फाइलींच्या कपाटात गुंडाळी करून ठेवलेले निळे नकाशे सापडले तर ते टाकू नयेत. मग राज्याच्या ऐतिहासिक जतन कार्यालयाला पत्र लिहावे. प्रत्येक राज्यात असे कार्यालय आहे आणि इमारत नोंदणीला पात्र ठरण्याजोगी आहे का, याबद्दल ते प्राथमिक मत देते. पात्र नसेल, किंवा असूनही आपल्याला ती अडकवायची नसेल, तरी पाडण्याआधी तिची मोजमापे घेऊन रेखाटने आणि छायाचित्रे तयार करावीत आणि गावच्या ग्रंथालयात द्यावीत. १९३३ पासून अमेरिकेत इमारतींची अशी नोंद सरकारी पातळीवर चालू आहे आणि ती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ठेवली जाते. गावातला एक साधा दवाखाना तिथे जाणार नाही, पण गावच्या कपाटात गेला तरी पुष्कळ झाले.

आपल्या गावच्या लोकांची नाडी आपण त्या इमारतीत तीस-चाळीस वर्षे पाहिली आहे, आणि तिच्या भवितव्यावर सही करण्याचा अधिकारही आज आपलाच आहे. इमारतीचे कागद काढून ठेवले आणि ते वाचायला कोणी जाणकार हवा असेल, तर आपल्या राज्यातल्या वास्तुविशारदांच्या संघटनेत किंवा मराठी मंडळात विचारावे. असे काम करणारे मराठी वास्तुविशारद आपल्याला भेटतील, आणि पहिल्यांदा इमारत पाहायला यायचे पैसे आमच्यापैकी कोणी घेणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक मराठी वास्तुविशारद